ड्रमचे दोन स्क्रू

भीमराजनं कुणावर चटकन विश्वास ठेवला असं कधी झालंच नाही. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघणार, किराण्याच्या तराजूखाली वाकून बघणार. सासऱ्यानं लग्नात घड्याळ दिलं, तर तिसऱ्याच दिवशी त्याच्या पट्ट्याचं टोक काडी ओढून जाळून पाहिलं, चामडं खरं आहे का म्हणून. खरं निघालं. तरी हा म्हणतो, "वास जरा येगळाच येतोय." त्याच दिवशी त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, मनाशी ओळखलं की या माणसाच्या घरात आपल्याला भाजीतल्या मिठाचीसुद्धा साक्ष काढावी लागणार आहे. आणि तसंच झालं म्हणा.

एका गोष्टीबद्दल मात्र भीमराजला कणभरही शंका नव्हती, ती म्हणजे त्याचं स्वतःचं काम.

पिंपरीच्या एका कंपनीत तो बासष्ट साली लागला. मालवाहू गाड्या बनवायची कंपनी. आता चौऱ्याहत्तर चालू होतं, म्हणजे बारा वर्षं झाली, आणि ही बाराच्या बारा वर्षं तो एकाच जागेवर उभा होता. लायनीवर साखळीला टांगलेला अॅक्सल, म्हणजे चाकांचा आडवा कणा, यायचा, त्याच्या टोकाला ब्रेकचा ड्रम बसवलेला असायचा. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसणारं जाडजूड लोखंडी पातेलं. ब्रेक दाबला की आतल्या पट्ट्या त्याला घासतात आणि गाडी थांबते. त्या ड्रमला दोन बारके स्क्रू लावायचे, करंगळीच्या नखाएवढ्या डोक्याचे. हे भीमराजचं काम. स्क्रू लावला की इन्स्पेक्टर यायचा, स्क्रूवर बोट फिरवायचा, पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, आणि अॅक्सल पत्र्याच्या भिंतीपलीकडं निघून जायचा. पलीकडं काय होतं ते भीमराजनं कधी बघितलं नव्हतं. जागा सोडली की मेमो, असा तिथला कायदा. जेवणाची सुट्टीसुद्धा पलीकडच्यांची वेगळी.

पण बघायची गरजच काय होती? पिवळा ठिपका उगाच देतात होय? भीमराज घरी ताटावर बसला की सांगायचा, "चतुरा, रस्त्यावर आमच्या कंपनीची गाडी ब्रेक मारून थांबली की समजायचं, ती माझ्या स्क्रूवर थांबली. एक स्क्रू ढिला ऱ्हायला तर माणसं मरतील, माणसं!" चतुराबाई भाकरी वाढत म्हणायची, "व्हय, पण तुमी जेवा आधी." बाईला कौतुक होतं बरं का. शेजारणीला सांगताना तीही हेच सांगायची.

चतुराबाईचा धाकटा भाऊ खंडू. चिंचवड स्टेशनाच्या स्टँडवर त्याची टॅक्सी असायची, जुनी अँबॅसॅडर, चाकणपर्यंत भाडी मारायचा. त्या स्टँडवर नऊ टॅक्स्या होत्या आणि नऊच्या नऊ चांदभाईच्या हाताखालून जायच्या. काळेवाडीहून रहाटणीकडं जाणाऱ्या वाटेवर चांदभाईचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार खांब, वर पत्रा आणि मागं राहायची खोली. पण माणूस असा, की गाडी लांबून येताना नुसता आवाज ऐकून सांगायचा की कुठं दुखतंय. त्या नऊ टॅक्स्या हीच त्याची भाकरी होती. बाकी एखादी मोटारसायकल, एखादा ट्रॅक्टर, असं अधूनमधूनचं.

एका रविवारी खंडू ब्रेकच्या पट्ट्या बदलायला निघाला आणि भीमराज सोबत गेला. काम नव्हतं, पण मेहुण्याला कोण कसं फसवतंय ते बघायला काय हरकत आहे? चांदभाईनं चहा मागवला, गाडी जॅकवर चढवली आणि चाक काढलं. भीमराज स्टुलावर बसून चहा फुंकत होता. शेजारी डालड्याचा डबा होता. सवयीनं हात आत गेला आणि चहा राहिला तसाच. डब्यात स्क्रू होते. त्याचेच! म्हणजे अगदी कंपनीतले नव्हेत, पण तसलेच, ड्रमचे. शे-दीडशे तरी असतील. कित्येकांची डोकी छिन्नीनं फोडलेली.

"चांदभाई, हे काय हाय?"

"स्क्रू. ड्रमचे."

"ते दिसतंय मला. हितं कशाला आलेत?"

"मग कुठं जातील, राव? गंजून बसतात. एकेक काढायला छिन्नी मारावी लागती. एकदा काढला की मी परत लावत न्हाई, म्हंजे पुढच्या टायमाला ड्रम सुखानं निघतो." चांदभाई हात पुसत हसला. "त्याचं काय कामच न्हाई गाडीत. चाकाचे नट आवळले की ड्रम बसतो कचकन चाकाच्या मागं. हलतोय कुठं?"

काय कामच न्हाई! भीमराजच्या कानशिलात कुणी सणसणीत वाजवावी तसं झालं त्याला. बारा वर्षं, दिवसाला शेकड्यानं स्क्रू, मनगटं दुखून दुखून रात्री हळद लावून झोपायचं, आणि हा डालड्याच्या डब्यात टाकून म्हणतो काम न्हाई. राग आला, पण रागाच्या आधी आला तो संशय. का हसला हा? मला बघून का हसला? आणि काम नाही तर डब्यात जपून का ठेवलेत?

घरी आल्यावर त्यानं खंडूला गाडीचं चाक परत काढायला लावलं. ड्रमवर दोन भोकं होती. रिकामी.

"बघ," भीमराज म्हणाला. "बघून ठेव तुझा चांदभाई."

खंडूच्या तोंडचं पाणी पळालं. "दाजी, म्या परवा नवरानवरी घिऊन चाकणला गेलतो हो या गाडीतनं!"

"वाचलास."

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली तसा भीमराज सायकलवरनं थेट स्टँडवर. तिथं हिंदुराव म्हणून सगळ्यांत जुना ड्रायव्हर, त्याचा शब्द चालायचा. भीमराजनं त्याच्यासमोर सगळं मांडलं. साधा माणूस बोलला असता तर हिंदुरावानं तंबाखू थुंकून विषय संपवला असता. पण कंपनीचा माणूस बोलतोय, आणि तेही तोच स्क्रू लावणारा! हिंदुरावानं तिथंच जॅक लावला. रिकामी भोकं. दुसऱ्या गाडीला लावला. रिकामी भोकं. संध्याकाळपर्यंत नऊ गाड्यांची छत्तीस चाकं उघडून झाली आणि कुणाच्या तरी तोंडून निघालं की चांदभाई स्क्रू काढून जुन्या बाजारात विकतो. भीमराज असं म्हणाला नव्हता. पण नाही असंही म्हणाला नाही.

चांदभाईला कळलं तसा तो दोन दिवसांनी स्वतः जॅक आणि पाना घेऊन स्टँडवर आला. "कुणाचीबी गाडी द्या," म्हणाला. "स्क्रू न लावता चाक आवळतो, मग चौघं मिळून ड्रम हलवून दाखवा. हलला तर आजपासनं पाना हातात धरणार न्हाई."

दोघंतिघं पुढं झालेही होते. भीमराजला वाटलं, आता हा काहीतरी हातचलाखी करणार. तो मोठ्यानं म्हणाला, "चांदभाई, एवढंच सांग. त्या स्क्रूचं काम न्हाई, तर कंपनी लावती कशाला? कंपनीचे इंजिनेर येडे हायेत का? पैसा जास्त झालाय का त्यांना?"

चांदभाईनं पाना खाली ठेवला. खरा माणूस होता, खोटं उत्तर त्याला सुचलं नाही. "कंपनी का लावती ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "मला रस्त्यावरची गाडी ठावं हाय."

झालं! हिंदुराव म्हणाला, "म्हंजी ठावं न्हाई आन् काढून टाकतोस व्हय रे?" त्यावर चांदभाई काही बोलला, पण कुणी ऐकलं नाही. जॅक खांद्यावर टाकून तो चालत गेला. भीमराजला त्या रात्री कधी नव्हे ती गाढ झोप लागली. चार लोकांत आपण माणसं वाचवली, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याच्या जागी दुसरा कोण वेगळा वागला असता?

नऊच्या नऊ टॅक्स्या आकुर्डीच्या एका नव्या गॅरेजात जायला लागल्या. तिथला मिस्त्री प्रत्येक ड्रमला दोन स्क्रू लावून, बोट ठेवून दाखवायचा.

दोन-अडीच महिने गेले. मग एका सोमवारी कंपनीत स्क्रूच आले नाहीत. बाहेरून माल यायचा तिथं संप झाला होता. भीमराजच्या खोक्यात सकाळी मूठभर उरले होते, ते तासाभरात संपले. अॅक्सल आला, भीमराजनं हात वर केला आणि लायन थांबवायला सांगितली. फोरमन उद्धवराव धावत आले.

"का थांबवलीस?"

"स्क्रू संपले, सायेब."

"मग तसेच जाऊ देत. आज स्क्रूशिवाय चालवा म्हणून वरून सांगितलंय."

भीमराजला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सायेब, माणसं मरतील!"

"कुठली माणसं?"

"गाडीतली! ब्रेकचा ड्रम हाय ह्यो!"

उद्धवरावांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू हा चेष्टा करतोय. मग त्यांच्या ध्यानात आलं की चेष्टा नाही. ते हसायला लागले. लायन त्यांनी तशीच चालू केली. दोन तासांनी परत येऊन त्यांनी हसत भीमराजचा दंड धरला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला पत्र्याच्या भिंतीपलीकडं नेलं.

पलीकडं भिवा नावाचा एक बुटका माणूस होता, वयानं भीमराजएवढाच. अॅक्सल साखळीवर हेलकावत आला तसा तो गुडघा पुढं करून ड्रमला टेकवायचा, कारण स्क्रू नसल्यानं ड्रम धक्क्यासरशी बाहेर सरकत होता. गुडघ्यानं ड्रम दाबून धरायचा, दोन्ही हातांनी चाक उचलून वर चढवायचं, नट फिरवायचे, मग लांब पान्यानं आवळायचे. त्याच्या डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्यावर रक्त होतं.

"आता हलव ड्रम," उद्धवराव म्हणाले.

भीमराजनं हात घातला. हलला नाही. उद्धवरावांनी हातोडा दिला. भीमराजनं लाकूड मध्ये धरून चार-पाच टोले हाणले. चाक आणि अॅक्सलचं टोक यांच्यामध्ये ड्रम असा चिमटून बसला होता की तसूभर सरकेना.

"चाकाचे नट धरतात त्याला," उद्धवराव म्हणाले. "तुझा स्क्रू फक्त इथपर्यंत, भिंतीच्या अलीकडून पलीकडं येईस्तोवर. ड्रम वाटेत निसटून याच्या पायावर पडू नये म्हणून. चाक बसलं की स्क्रूचं काम संपलं. तुला काय वाटलं होतं?"

भिवा घाम पुसत म्हणाला, "ते स्क्रू लावनारं तुमीच व्हय? आज न्हवते तर सकाळधरनं दोन येळा पडला बघा पायावर. लई उपकार हायेत तुमचं."

उपकार! बारा वर्षं भीमराजला वाटत होतं की आपण महाराष्ट्रभरच्या रस्त्यांवरची माणसं वाचवतोय, आणि वाचवत होतो कुणाला, तर या एका बुटक्या भिवाच्या पायाची बोटं. तेही काही कमी नाही, असं आपण म्हणू. पण त्या घडीला भीमराजला ते फार फार कमी वाटलं.

जागेवर परत आल्यावर पहिला विचार काय आला असेल? संशयच! कंपनीला आपली जागा उडवायची असेल, म्हणून उद्धवरावांनी हे नाटक केलं असेल. पण भिवाच्या पायावरचं रक्त नाटकातलं नव्हतं, आणि टोले तर त्यानं स्वतःच्या हातानं घातले होते. मग दुसरा विचार आला. चांदभाई खरं बोलत होता.

त्या संध्याकाळी तो स्टँडवर गेला तेव्हा सायकलचं पायडल जड झालं होतं. सातआठ जण बसले होते, खंडूही होता. भीमराजनं आडवळण घेतलं नाही. "मी चुकलो," म्हणाला. "चांदभाईचं खरं हाय. त्या स्क्रूचं रस्त्यावर काय काम न्हाई. मी आज डोळ्यांनी बघून आलोय."

मग हिंदुरावानं शेजारच्याला कोपर मारलं.

"काय राव, चांदभाईच्या घरी बिर्यानी खाऊन आलास का?"

सगळे खो खो हसले. भीमराजनं भिंतीपलीकडचं सगळं सांगितलं, भिवाचा पाय सांगितला, हातोडा सांगितला. जितकं जास्त सांगावं तितके त्यांचे डोळे बारीक होत होते. एक जण म्हणाला, कंपनीनं तोंड बंद केलं असेल. दुसरा म्हणाला, काहीतरी मोठं प्रकरण दाबतायत, आपण तर आता चारचार स्क्रू लावून घेणार. भीमराज खंडूकडं वळला.

"खंडू, तू तरी ऐक."

"दाजी, तवा तुमीच म्हनला माणसं मरतील. मी आठ दिवस झोपलो न्हवतो हो," खंडू म्हणाला. "आता म्हनता काय न्हाई. तवा खोटं बोलला का आता बोलताय?"

"दोन्ही येळा खरंच बोललो रं! तवा मला ठावं न्हवतं."

"तुमाला? तुमालाच ठावं न्हवतं?" खंडू उठून गाडीत जाऊन बसला. "सोडा दाजी. माझ्या लेकराबाळांचा जीव हाय त्या गाडीवर."

भीमराज तिथून रहाटणीच्या वाटेला लागला. पायांवर लोटांगण घालायची तयारी होती त्याची, खरंच होती. पण गॅरेजचे चार खांब उघडे पडले होते. जॅक नाही, डबे नाहीत, पत्र्याखाली शेळी बांधलेली. मागच्या खोलीतून चांदभाईची बायको नजमा बाहेर आली. तिनं त्याला ओळखलं आणि ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"चांदभाई कुठायत, भाभी?"

"ठेकेदाराकडं गेलेत. कामाला."

"मला त्यांची माफी मागायची हाय."

"मागा की," नजमा म्हणाली. "पण आता कुणी पाठवलं तुमाला? ते तरी सांगा."

भीमराजनं लाख सांगितलं की कुणीही पाठवलं नाही. ती मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "दीड महिना ह्यांनी रोज सकाळी पत्र्याखाली झाडून ठेवलं, गाडी येईल म्हणून. एक आली न्हाई. मग हत्यारं विकली. तुमी घरी जावा." आणि दार लावलं.

त्या आठवड्यात भीमराज जेवला नाही की धड बोलला नाही. चतुराबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, भिंतीपलीकडचंही. ती एवढंच म्हणाली, "शेजारणीला न्हाई सांगनार मी." त्यावर भीमराज ढसाढसा रडला. बायकोसमोर रडायची त्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या सोमवारी संप मिटला होता, स्क्रूंची खोकी आली होती. भोंगा व्हायच्या आधी उद्धवराव एका माणसाला घेऊन भीमराजच्या जागेपाशी आले. माणसाच्या अंगावर ठेकेदाराचा नवाकोरा खाकी ड्रेस होता, बाह्या आखूड झालेल्या.

"भीमराज, दुसऱ्या शिफ्टला तुझ्या जागी हा नवा टेंपररी. आठवडाभर तुझ्याजवळ उभा राहील. स्क्रू कसा लावायचा ते शिकव त्याला. साधं काम आहे, जमेल."

चांदभाई होता तो. वीस वर्षं अख्खी गाडी सुटी करून परत जोडणारा चांदभाई! उद्धवराव पाठ फिरवून गेले. भीमराज चांदभाईजवळ सरकला.

"चांदभाई, मी स्टँडवर सांगितलं. समद्यांसमोर सांगितलं, की मी चुकलो."

"कळलं मला."

"मी तुमच्या घरीबी..."

भोंगा झाला. साखळी खडखडली आणि पहिला अॅक्सल हेलकावत आला. चांदभाईनं हात पुढं केला. भीमराजनं स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि दोन स्क्रू दिले. "हातानं बसवायचा," तो कसाबसा म्हणाला, "मग पाव फेरा आवळायचा." चांदभाईनं एवढ्या सफाईनं स्क्रू बसवले की इन्स्पेक्टरनं नुसतं बघून पिवळा ठिपका दिला. अॅक्सल पत्र्याच्या भिंतीकडं निघाला. चांदभाई त्याच्याकडं बघत राहिला. साखळीचा धक्का, लोंबकळणारं टोक, त्यावरचा जड ड्रम.

"हां," तो म्हणाला. "पलीकडं चाक चढवणाऱ्याच्या पायावर पडू नये म्हणून लावतात व्हय."

एक मिनिट लागलं त्याला. एकच.

"व्हय," भीमराज म्हणाला.

"मग हे त्या दिवशी स्टँडवर का न्हाई सांगितलंस, भीमराज?"

"आईशप्पत सांगतो, चांदभाई, मला ठावंच न्हवतं!"

चांदभाईनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग त्याच्या पायांखालच्या झिजून गुळगुळीत झालेल्या फरशीकडं बघितलं.

"हितं बारा वर्षं उभा राहून?" तो म्हणाला, आणि पुढच्या ड्रमकडं वळला.